कुंपण नसलेले निर्यातक्षेत्र

सोलापूरहून अक्कलकोटला निघालेल्या भाविकाची गाडी शहराच्या पूर्व भागातून बाहेर पडते. अशोक चौक मागे पडला की मराठीच्या शेजारी तेलुगू पाट्या दिसू लागतात, विणकरांच्या वसाहती लागतात आणि मग एमआयडीसीच्या शेडांची रांग सुरू होते. खिडकी उघडी असेल तर मागांचा खडखडाट ऐकू येतो. स्वामी समर्थांच्या दर्शनाची ओढ लागलेल्या माणसाचे तिकडे लक्ष जातेच असे नाही. परतीच्या वाटेवर तो घरी न्यायला एखादी सोलापुरी चादर किंवा टॉवेल घेतो, पण ती वस्तू ज्या शेडांमध्ये विणली गेली त्यांच्याच दारावरून आपण आलो, हे त्याला ठाऊक नसते. याच शेडांमधला टॉवेल गठ्ठ्यांत बांधून न्हावा शेवा बंदराकडे जातो आणि तिथून परदेशी हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या न्हाणीघरांत पोचतो.

निर्यातक्षेत्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उंच भिंत, फाटकावर कस्टमची चौकी आणि आत करमाफीचे वेगळे राज्य उभे राहते. आयर्लंडमधल्या शॅनन विमानतळाशेजारी 1959 मध्ये तसे क्षेत्र उभे राहिले आणि ती कल्पना जगभर पसरली. आपल्याकडे 1965 मध्ये कांडला आले. आशियातले ते पहिले निर्यात प्रक्रिया क्षेत्र. मुंबईत अंधेरीला 1973 मध्ये ‘सीप्झ’ सुरू झाले. विशेष आर्थिक क्षेत्रांचा, म्हणजे ‘सेझ’चा कायदा 2005 चा. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीला यांतले काहीच मिळाले नाही. भिंत नाही, कस्टमचे फाटक नाही, परदेशी भागीदार नाही. तरीही परदेशातले तंत्र आणून ते आत्मसात करायचे आणि त्यावर माल बनवून परदेशी विकायचा, हे ज्या कामासाठी निर्यातक्षेत्रे काढतात, ते काम या रस्त्यावर दोन-तीन पिढ्या चालले आहे. ते कसे जमले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे सांगण्यासाठी हा लेख.

*

टॉवेल ही वस्तूच मुळात परदेशातून परदेशात फिरत आलेली. लूप असलेले, पाणी शोषणारे कापड ऑटोमन तुर्कस्तानात बुर्सा शहरात हाताने विणले जात असे. हेन्री ख्रिस्टी नावाच्या इंग्रज प्रवाशाने 1850 च्या सुमारास ते पाहिले आणि त्याचा नमुना मायदेशी नेला. त्याच्या घरच्या कारखान्यातल्या सॅम्युअल होल्ट या कारागिराने तसे कापड विणणारे यंत्र तयार केले आणि 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ते टॉवेल मांडले गेले. बुर्साच्या विणकरांना या व्यवहारात काय मिळाले, याची नोंद कोणी ठेवली नाही. तंत्रज्ञानाच्या हस्तांतराचा इतिहास बराचसा असाच आहे. देणारा आणि घेणारा यांच्यात करार झालाच असेल, असे नाही. पाहून, उकलून, पुन्हा जुळवून माणसे शिकत आली आहेत.

टेरी टॉवेलचा माग साध्या मागापेक्षा वेगळा असतो. त्यावर ताण्याचे दोन बीम चढवतात. एका बीमवरचा उभा धागा ताठ असतो, त्यावर कापडाची जमीन बनते. दुसऱ्या बीमवरचा धागा सैल सोडलेला असतो. आडव्या बाण्याचे पहिले दोन धागे फणी कापडाच्या कडेपासून थोडे अंतर राखून बसवते. तिसरा धागा आला की फणी तिन्ही धाग्यांना एकत्र पुढे ठोकते. त्या ठोक्याबरोबर सैल धागा दुमडतो आणि कापडावर लूप उभा राहतो. हे अंतर केसभर चुकले, ताण किंचित कमी-जास्त झाला, तर लूप खाली-वर होतात आणि माल दुय्यम ठरतो. हा ताण कानाने आणि बोटांनी ओळखणारा माणूस म्हणजे जॉबर. कारखान्यात यंत्राइतकेच मोल त्याला असते, पण ताळेबंदात त्याची नोंद नसते.

सोलापूरच्या टॉवेलाची आणि चादरीची ओळख रंगीत नक्षी. इथे आधी सूत रंगवतात आणि मग विणतात, त्यामुळे नक्षी छापलेली नसते, विणलेली असते. ती विणणारे जॅकार्ड हे साधन फ्रान्समधल्या लियाँ शहरातले, 1804 चे. भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या पत्त्यांची माळ मागावर फिरते आणि कोणता धागा उचलायचा, कोणता ठेवायचा, हे त्या भोकांवरून ठरते. लियाँमध्ये रेशमासाठी काढलेले साधन सोलापुरात मयूरपंखाच्या नक्षीची सुती चादर विणू लागले. ज्यांनी ते बसवले त्यांच्यातल्या बहुतेकांना फ्रेंच तर सोडाच, इंग्रजीही येत नव्हते.

*

सोलापूरच्या गोष्टीची सुरुवात गिरणीपासून करायला हवी. रेल्वे सोलापुरात 1860 मध्ये आली. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे सोलापूरकरांची ‘जुनी गिरणी’, 1877 मध्ये सुरू झाली. पुढे लक्ष्मी, नरसिंग गिरजी, विष्णू, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या. त्या काळात हिंदुस्थानातल्या गिरण्यांची यंत्रे लँकेशायरहून येत आणि ती उभारायला, चालवायला साहेब मास्तरही तिकडूनच येत. यंत्र विकणाऱ्याचा फायदा गिऱ्हाइकाला सुट्या भागांसाठी आणि दुरुस्तीसाठी बांधून ठेवण्यात होता. गिरणीत राबणाऱ्या माणसाने मात्र रोजच्या कामातून ते यंत्र ओळखीचे करून घेतले.

ही माणसे कोण होती? गिरणीत मराठी, कानडी, उर्दू बोलणारे कामगार होते. हातमागावर मोठा समाज पद्मशाली विणकरांचा. तेव्हाच्या निजामाच्या तेलंगणातून, करीमनगर, वरंगळ, नलगोंडा भागांतून दुष्काळ आणि दारिद्र्य यांच्या रेट्याने ही कुटुंबे सोलापूरकडे येत राहिली. त्यांनी आधी हातमागावर झटक्याचा धोटा (फ्लाय शटल) घेतला, मग डॉबी आणि जॅकार्ड ही नक्षीची साधने घेतली आणि वीज हाताशी आल्यावर यंत्रमाग घेतला. गिरणीने मोडीत काढलेले माग लहान शेडांमध्ये पुन्हा उभे राहिले. इतिहासकार डग्लस हेन्स यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पश्चिम भारतातल्या लहान शहरांच्या भांडवलशाहीचा अभ्यास केला आहे. कारागीर म्हणजे जुन्याला चिकटून बसलेला आणि यंत्रापुढे हरलेला, हा समज त्या अभ्यासापुढे टिकत नाही. सोलापूरच्या विणकराला नव्या यंत्राचे भय नव्हते. भय होते ते भांडवलाच्या टंचाईचे.

इथे जपानचा एक दाखला द्यायलाच हवा. साकिची टोयोडा हा सुताराचा मुलगा. लँकेशायरच्या मागांकडे पाहत, त्यांत सुधारणा करत त्याने 1924 मध्ये ‘टाइप जी’ हा स्वयंचलित माग पुरा केला. चालत्या मागावर धोटा आपोआप बदले आणि धागा तुटला की माग आपोआप थांबे. 1929 मध्ये ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने, ज्यांची यंत्रे हिंदुस्थानातल्या गिरण्यांत गर्जत होती त्यांनीच, एक लाख पौंडांच्या करारावर त्या मागाचे हक्क टोयोडाकडून घेतले. शिकणारा देश शिकवणाऱ्याच्या पंक्तीला बसला. टोयोडांच्या घराण्याने पुढे मोटारी बनवल्या, हे सर्वांना माहीत आहे. मला इथे वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. जपानने माग वापरला आणि माग बनवलाही. सोलापूरने माग वापरला, दुरुस्त केला, त्याचे सुटे भाग ओतले, पण त्याच्या पुढच्या पिढीचा माग घडवण्याइतके पाठबळ त्याला कोणी दिले नाही. आजही अक्कलकोट रोडवरच्या शेडात नवा माग येतो तो इटली, बेल्जियम, जर्मनी, जपान किंवा चीनमधून.

*

विसाव्या शतकाच्या शेवटी सोलापूरच्या गिरण्या एकामागोमाग बंद पडल्या होत्या आणि शहराचा भार यंत्रमागांवर आला होता. त्याच वेळी जगाच्या कापडबाजाराचे नियम बदलत होते. श्रीमंत देश गरीब देशांच्या कापडावर कोटा लावत. ही कोटापद्धत 1 जानेवारी 2005 रोजी संपणार, हे आधीच ठरले होते. त्याची तयारी म्हणून केंद्र सरकारने 1 एप्रिल 1999 पासून तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना आणली. नवी यंत्रे घेण्यासाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजातले 5 टक्के सरकार सोसणार होते. सोलापुरात धोट्याच्या मागाशेजारी रॅपियर माग दिसू लागले. धोटा बाण्याची कांडी पोटात घेऊन या टोकापासून त्या टोकाकडे धावतो. रॅपियरमध्ये पट्टीच्या टोकाला असलेली पकड फक्त धागा धरून नेते. वजन कमी, म्हणून वेग जास्त आणि आवाज कमी. पन्हाही मोठा मिळतो.

पुष्कळ माग वापरलेले, दुसऱ्या हाताचे आले. युरोपातल्या गिरण्या बंद होत होत्या आणि त्यांची यंत्रे आशियाकडे निघाली होती. असा माग येतो तेव्हा त्याच्यासोबत परदेशी इंजिनिअर येत नाही. माहितीपुस्तक परक्या भाषेत असते आणि इलेक्ट्रॉनिक पाटीत काय बिघडले ते कळत नाही. मग मेस्त्री तो उलगडतो, शेजारच्या शेडातल्या जॉबरला बोलावले जाते, दोघे मिळून ताण बसवतात आणि पुढच्या आठवड्यात तिसऱ्या शेडात तेच काम निम्म्या वेळात होते. पुठ्ठ्याच्या पत्त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आले, तेव्हा नक्षीचे काम संगणकावर गेले. जी नक्षी पत्ते पाडणारा कारागीर कित्येक दिवस बसून उतरवत असे, ती आता पेनड्राइव्हमधून मागात जाते. हे सगळे शिक्षण कोणत्याही शाळेच्या वेळापत्रकात नाही. ते शेडा-शेडांतून फिरले, कारण मधे भिंत नव्हती.

नव्या यंत्राची वाट मोकळी करणारी दुसरी योजना ‘ईपीसीजी’. निर्यातीसाठी यंत्र आणणाऱ्याला आयातकर माफ होतो, पण त्या बदल्यात वाचलेल्या कराच्या सहापट किमतीची निर्यात सहा वर्षांत करून दाखवावी लागते. म्हणजे निर्यातक्षेत्राची सवलत कारखान्याच्या जागेवर, यंत्रापाशी चालत येते. कल्पना चांगली आहे. मोठ्या कंपनीला ती सहज पेलते, कारण तिच्याकडे कागद सांभाळणारी स्वतंत्र माणसे असतात. चार-सहा माग असलेल्या कारखानदाराचा माल बहुधा मुंबईच्या निर्यातदार व्यापाऱ्यामार्फत जातो. परदेशी ऑर्डर हुकली तर माफ झालेला कर व्याजासह भरण्याची वेळ त्याच्यावर येते. त्यामुळे निर्यातीच्या दारात उभे असलेले अनेक जण आत पाऊल टाकत नाहीत, देशी बाजारातच राहतात.

परदेशी गिऱ्हाईक पैसे देते तसा नियमही शिकवते. 1994 मध्ये जर्मनीने काही अझो रंगांवर बंदी घातली, कारण अंगाला लागणाऱ्या कापडातून कर्करोगकारक द्रव्ये सुटण्याचा धोका होता. 1997 मध्ये भारतानेही अशा रंगांवर बंदी आणली. सूत रंगवून विणणाऱ्या सोलापूरला हा बदल थेट रंगघरात करावा लागला. परदेशी गिऱ्हाइकाच्या न्हाणीघराची काळजी घेणारा तो नियम आमच्या रंगाऱ्याच्या हातांचेही रक्षण करून गेला. तंत्रज्ञानाच्या हस्तांतरात यंत्राइतकीच अशा नियमांची गणना व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

सोलापूरची चादर आणि सोलापूरचा टेरी टॉवेल या दोघांनाही भौगोलिक मानांकन मिळाले, तेही देशातल्या अगदी सुरुवातीच्या नोंदींमध्ये. त्या कागदाने नावाचे रक्षण व्हायला हवे होते. पानिपतकडून आलेला कृत्रिम धाग्याचा माल ‘सोलापुरी’ म्हणून आजही तीर्थक्षेत्रांच्या बाजारांत विकला जातो. नाव मिळवून देणारी यंत्रणा उभी राहिली, नाव राखणारी राहिली नाही.

*

भिंतीच्या आतल्या क्षेत्रांचे काय झाले, तेही पाहू. चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरच्या सेझमध्ये नोकिया कंपनीने 2006 मध्ये मोबाइल बनवायला सुरुवात केली. हजारो तरुण मुली तिथे कामाला लागल्या. करांचे वाद झाले, कंपनीचा मोबाइल धंदा मायक्रोसॉफ्टकडे गेला आणि 1 नोव्हेंबर 2014 रोजी तो कारखाना बंद झाला. मुलींनी आठ वर्षे पट्ट्यावर एकच जोडणी केली होती. त्यातून बाहेर पडून स्वतःचे काही उभे करता येईल असे शिक्षण त्यांना मिळाले नव्हते. आपल्याकडे रायगड जिल्ह्यात महामुंबई सेझसाठी हजारो एकर जमीन मागितली गेली. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, 21 सप्टेंबर 2008 रोजी पेण तालुक्यात जनमत घेतले गेले आणि तो सेझ झालाच नाही.

याच्या उलट बांगलादेशातल्या ‘देश गारमेंट्स’ची गोष्ट. कोरियाच्या देवू कंपनीला श्रीमंत देशांनी लावलेला कोटा अडवत होता आणि बांगलादेशावर कोटा नव्हता. म्हणून तिने नुरुल कादेर या माजी सनदी अधिकाऱ्याच्या नव्या कंपनीशी करार केला. 1979 मध्ये 130 बांगलादेशी तरुण-तरुणींना पुसानच्या कारखान्यात सहा महिने शिकवले गेले. ते शिलाई शिकले, तसेच माल कसा मोजायचा, ऑर्डर कशी मिळवायची, पतपत्र कसे हाताळायचे हेही शिकले. 1987 पर्यंत त्यांतले 115 जण कंपनी सोडून गेले होते आणि बहुतेकांनी स्वतःचे किंवा दुसऱ्यांचे शिलाई कारखाने उभे केले. कंपनीचे नुकसान झाले, देशाचे भले झाले. बांगलादेश सरकारने अशा कारखान्यांना दोन सोयी दिल्या. निर्यातीसाठी लागणारे कापड करमुक्त आणून ठेवायला बंदिस्त गोदाम आणि परदेशी ऑर्डरच्या बळावर कच्च्या मालासाठी बँकेचे पतपत्र. बांगलादेशाचा कपड्यांचा धंदा वाढला तो मुख्यतः निर्यातक्षेत्रांच्या भिंतीबाहेर.

ढाक्याजवळच्या सावर इथे 24 एप्रिल 2013 रोजी राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि 1,100 हून अधिक कामगार मेले, हेही त्याच धंद्याचे वास्तव. त्यानंतर परदेशी ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात सुरक्षिततेचा बंधनकारक करार झाला. हजारो कारखान्यांची तपासणी झाली, जिने आणि आगीचे दरवाजे बसवावे लागले. माणसे मेल्यावरच हे झाले.

*

अक्कलकोट रोडवरची एक पहाट आता या संदर्भात आठवावी लागते. 18 मे 2025 रोजी, रविवारी पहाटे, इथल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली. कारखान्याच्याच आवारात राहणारे मालक, त्यांच्या घरची माणसे, लहान मूल आणि कामगाराचे कुटुंब, असे आठ जीव गेले. सूत, कापसाची धूळ, तयार मालाचे गठ्ठे आणि वरच्या मजल्यावर झोपलेली माणसे हे सोलापूरच्या कारखानदारीचे नेहमीचे चित्र आहे. लहान धंद्यात घर आणि कारखाना वेगळे परवडत नाहीत. इथे मालक कामगारांच्याच छपराखाली राहत होता, तोही गेला. म्हणून या दुर्घटनेकडे मालक विरुद्ध कामगार असे पाहून भागत नाही. नव्या मागाला अनुदान देताना दुसरा जिना, धुराची घंटा, पाण्याची टाकी यांची अट कोणी का घातली नाही, हा प्रश्न सरकारी योजनांनाच विचारायला हवा.

कामगारांची बाजू आकड्यांपेक्षा घरांतून अधिक कळते. मागावरची मजुरी बहुधा कामावर, नगावर असते. माग बंद, मजुरी बंद. भविष्य निर्वाह निधी लागू करण्यावरून इथे वर्षानुवर्षे झगडे झाले. पुरुष मागावर आणि घरची बाई विड्या वळायला, अशी पूर्व भागातल्या असंख्य घरांची रीत राहिली. सोलापूरचा टॉवेल जगाच्या बाजारात स्वस्त पडतो त्यात त्या बाईने वळलेल्या विडीचाही वाटा आहे, कारण एकट्या मजुरीवर ते घर चालले नसते.

याच रस्त्यावर, अक्कलकोटकडे जाताना कुंभारी लागते. तिथे विडी कामगार महिलांसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली कामगारांनी दीर्घकाळ लढून ती मिळवली. पुढे असंघटित कामगारांसाठी ‘रे नगर’ ही तीस हजार घरांची योजना आली आणि 19 जानेवारी 2024 रोजी तिच्यातल्या पहिल्या पंधरा हजार घरांचे वाटप पंतप्रधानांच्या हस्ते झाले. कामगाराचे डोके टेकायला जागा मिळाली, हे मोठे काम झाले. कुठल्याही सेझच्या माहितीपत्रकात कामगाराच्या घराचा इतका विचार मला वाचायला मिळालेला नाही. आता तिथून कारखान्यापर्यंत वेळेवर बस, तिथे पुरेसे पाणी आणि जवळ दवाखाना, एवढे झाले तर त्या घरांचा खरा उपयोग होईल.

*

2025 या वर्षाने निर्यातीचा बेभरवसा पुन्हा दाखवला. 27 ऑगस्टपासून अमेरिकेने भारतीय मालावरचा आयातकर 50 टक्क्यांवर नेला. भारतीय टॉवेलाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक अमेरिका. गुजरातमधल्या अंजार आणि वापीच्या किंवा पंजाबातल्या बर्नाल्याच्या महाकाय कारखान्यांना तो फटका थेट बसला, पण त्यांचा अडलेला माल देशी बाजारात उतरला की त्याची झळ सोलापूरच्या लहान मागाला लागते. सरकारने 19 ऑगस्टपासून कापसावरचा 11 टक्के आयातकर तात्पुरता काढला, त्याने सूत स्वस्त होण्याची आशा कारखानदाराला वाटली आणि कापूस पिकवणाऱ्या मराठवाड्या-विदर्भातल्या शेतकऱ्याच्या पोटात गोळा आला. 24 जुलै 2025 रोजी ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात तिथला भारतीय कापडावरचा कर काढण्याची तरतूद आहे. ती संधी लहान कारखानदारापर्यंत पोचायची असेल तर त्याला प्रमाणपत्रे लागतील, तपासणीचे कागद लागतील, इंग्रजीत पत्रव्यवहार करणारा माणूस लागेल. एकेकट्याला हे झेपणारे नाही, संघाने मिळून करण्याचे हे काम आहे. 2019 च्या सप्टेंबरात सोलापुरात टेरी टॉवेलचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले, तेव्हा परदेशी खरेदीदार या शहरात येतात हे सिद्ध झाले होते.

आता अक्कलकोट तालुक्याकडे वळतो. सोलापूर ते अक्कलकोट हा राष्ट्रीय महामार्ग चौपदरी झाला आणि तो पुढे कलबुर्गीला जातो. सुरत–चेन्नई द्रुतगती महामार्गाची आखणीही याच तालुक्यातून आहे. त्याच्यासाठी जमीन देण्याच्या मोबदल्यावरून इथल्या शेतकऱ्यांनी आंदोलने केली. मार्च 2023 मध्ये केंद्राने ‘पीएम मित्र’ योजनेखाली सात महावस्त्रोद्याने जाहीर केली. महाराष्ट्राच्या वाट्याचे अमरावतीला गेले. एक आहे कलबुर्गीला, म्हणजे अक्कलकोटच्या शेजारच्याच जिल्ह्यात. आणि एक वरंगळला, जिथून सोलापूरच्या विणकरांचे आजे-पणजे निघाले होते. वरंगळच्या उद्यानाचा पाया 2017 मध्येच घातला गेला होता आणि सोलापूर, भिवंडी, सुरतेला गेलेल्या आपल्या विणकरांनी परत यावे, अशी साद तेलंगण सरकारने तेव्हा घातली. ज्या यंगवन या कोरियन कंपनीने चट्टग्राममध्ये बांगलादेशातले कोरियन निर्यातक्षेत्र उभे केले, तीच वरंगळला कारखाने घेऊन आली आहे. कोरियाहून चट्टग्राम, चट्टग्रामहून वरंगळ अशी ही वाट अक्कलकोट रोडच्या जवळ येत चालली आहे.

कलबुर्गी आणि वरंगळच्या उद्यानांशी स्पर्धा करायला अक्कलकोटजवळ आणखी एक कुंपण घालावे, अशी मागणी निघू शकते. महामार्ग आला की जमिनीचे दलाल आधी येतात. मी त्या मागणीच्या विरोधात आहे. अक्कलकोट हा पावसाची हुलकावणी सोसणारा, कानडी-मराठी दोन्ही बोलणारा, शेतीवर जगणारा तालुका आहे. त्याची जमीन घेऊन आत करमाफी देण्यापेक्षा त्याच पैशात चाळीस किलोमीटरवरची, आधीच शिकलेली, आधीच निर्यात करणारी वसाहत दुरुस्त करता येते. रंगघरांच्या सांडपाण्यासाठी सर्वांचे मिळून शुद्धीकरण केंद्र, परदेशी प्रमाणपत्राला चालेल अशी तपासणीची प्रयोगशाळा, दर शेडाला आगीपासून वाचण्याची वाट, आणि अक्कलकोट, दुधनी, मैंदर्गीच्या मुलामुलींसाठी रॅपियर आणि इलेक्ट्रॉनिक जॅकार्डचे शिक्षण. हे शिक्षण तालुक्याच्या आयटीआयमध्ये चालू शकते आणि शिकवायला अक्कलकोट रोडचे निवृत्त जॉबर आहेत. इचलकरंजीने 1982 मध्ये स्वतःची वस्त्रोद्योग संस्था काढली, तिचे पदवीधर देशभर गेले. सोलापूरला तेवढ्याच ताकदीची संस्था हवी, आणि तिच्यात यंत्र वापरण्याबरोबर यंत्र घडवण्याचा विभाग हवा.

हे लिहिताना जॉबरांची एक पिढी आता साठीच्या पुढे गेली आहे. त्यांची मुले पुण्याला नोकरीला गेली आहेत, आणि मागावर माणसे मिळत नाहीत ही तक्रार प्रत्येक शेडात ऐकू येते. दुसऱ्या हाताचा इटालियन माग कोणाच्याही मदतीशिवाय चालू करणाऱ्या या माणसांचे ज्ञान लिहून, चित्रित करून ठेवण्याचे काम यंत्रमागधारक संघाने आणि सोलापूरच्या विद्यापीठाने येत्या वर्षातच हाती घ्यावे. आणि 18 मे सारखी पहाट पुन्हा उगवू नये यासाठी अक्कलकोट रोडवरच्या प्रत्येक कारखान्याची अग्निसुरक्षा तपासणी करून तिचा अहवाल लोकांपुढे ठेवावा, अशी महापालिकेला आणि एमआयडीसीला माझी विनंती आहे.